ठकू, मुनशींना पाणी आण

लोणावळ्यात राहायचं आणि ‘लोनावला’ म्हणायचं, अशा लोकांच्या जिवावर माझा संसार चालला. गोऱ्यांना मराठी शिकवणं हा माझा धंदा. ते मला मुनशी म्हणत. माझे वडील तळेगावला भिक्षुकी करायचे. मुलगा मुनशी झाला हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं, कारण मुनशी म्हटला की दाढी, अचकन आणि फारसी हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. काळी टोपी, छत्री आणि जोडाक्षरं एवढ्या भांडवलावर मी दुकान थाटलं होतं.

आता साहेबलोक सामानसुमान बांधून बोटीत बसले, खंडाळ्याच्या बंगल्यांवर शेठजींच्या नावाच्या पाट्या लागल्या आणि माझं दुकान बसलं. तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं. गमती पुष्कळ आहेत, त्या लिहितोही. पण लिहायला बसलो की हात वेगळ्याच गोष्टीकडे वळतो आणि ती काही गमतीची नाही.  आजही भर दुपारी घरात एकटा असलो आणि स्वयंपाकघरात भांडं वाजलं, की मी आधी कोण आहे ते बघून येतो, मग पुढचं वाक्य लिहितो.

आधी धंद्याबद्दल सांगतो. त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्याला इथल्या भाषेची परीक्षा द्यावी लागे. पाद्रीलोकांना तर भाषेवाचून गत्यंतरच नव्हतं. उन्हाळ्यात ही मंडळी खंडाळ्याला हवेसाठी यायची, आणि हवेबरोबर थोडं मराठीही खायची. रेल्वेतले काही जण बाराही महिने इथेच असत. माझी शिकवण्याची पद्धत एकच होती, व्हरांड्यावर इंग्रजी बंद. धडा सुरू झाला की शिष्याला तहान लागो की विंचू चावो, जे सांगायचं ते मराठीत. मीही इंग्रजीचं अक्षर कळत नसल्यासारखा चेहरा करून बसायचो. एका इंजिनिअरच्या बुटात गोम शिरली, तर गोमेचं मराठी नाव आठवेपर्यंत तो बिचारा एका पायावर नाचत होता. आठवलं नाहीच. शेवटी ‘लांब किडा, पुष्कळ पाय!’ असं ओरडला आणि मी त्याला शाबासकी दिली. वेळ झाली की मी छत्री उचलायचो आणि म्हणायचो, ‘आजचा धडा पुरे.’ हे तीन शब्द माझ्या तोंडून गेले की ते परत साहेब आणि मी परत मुनशी.

एक कॅप्टन होता. त्याने सगळं मराठी शिपायांकडून उचललेलं, त्यामुळे त्याला फक्त हुकूम देता येत. ‘आण’, ‘ने’, ‘ऊठ’, ‘मर’ यापलीकडे त्याची भाषाच नव्हती. त्याला मी विनंती शिकवली. ‘कृपा करून’, ‘जमल्यास’, ‘तुम्हाला त्रास नसेल तर’ असं तो महिनाभर घोकत होता. एके दिवशी त्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, मुनशी, तुम्ही माझ्या नवऱ्याला काय केलंत? तो घरात इंग्रजी बोलतो तेव्हा पहिल्यासारखाच ओरडतो, पण माळ्याशी मराठीत बोलायला लागला की त्याचा आवाज, चेहरा, हात सगळं मऊ होतं. मला तो दुसराच कुणी वाटतो आणि, तिने हळूच सांगितलं, तोच जास्त बरा वाटतो.

दुसरे एक पाद्री. त्यांचं मराठी सगळं धर्मपुस्तकातून आलेलं. बाजारात भाजीवालीला म्हणाले, ‘हे स्त्रिये, मी तुला खचित खचित सांगतो, ही वांगी किडकी आहेत.’ भाजीवालीने घाबरून पाटी टाकली आणि पळाली. तिला वाटलं, साहेबाच्या अंगात आलं.

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पुढे लक्षात आलं की ती बाई फारशी चुकली नव्हती. परकी भाषा नुसती जिभेवर येत नाही. ती येते तेव्हा तिच्याबरोबर बसण्याची, बघण्याची, रागावण्याची एक रीतही येते, आणि माणसात दुसरं माणूस तयार होतं. मी हे रोज व्हरांड्यावर बसून पाहत होतो. लाजरा साहेब मराठीत बडबड्या व्हायचा, बडबड्या गप्प व्हायचा. धडा पुरे झाला की ते दुसरं माणूस कुठे जातं, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

आता लँग्टनबाईंविषयी.

खंडाळ्याला दरीच्या अगदी काठावर त्यांचा बंगला होता. नवरा घाटातल्या रेल्वेवर मोठा इंजिनिअर. तो वारला तेव्हा सगळ्यांना वाटलं की बाई पुढच्या बोटीने विलायतेला जाणार. त्या गेल्या नाहीत. मला बोलावून म्हणाल्या, की परीक्षा द्यायची नाही, नोकरी करायची नाही, पण इथेच राहायचंय तर आजूबाजूची माणसं काय बोलतात ते कळावं. मी आठवड्यातून तीनदा जायला लागलो. पावसाळ्यात तिथे ढग दारातून आत यायचे आणि समोरच्या खुर्चीतली बाई अर्धी दिसेनाशी व्हायची. खाली घाटातून इंजिनाची शिटी यायची, पण गाडी दिसायची नाही. त्या धुक्याकडे बघत बाई नाकातल्या नाकात एक चाल गुणगुणायच्या, तीच चाल, नेहमी अर्ध्यावर सोडलेली.

त्यांच्याकडे ठकू होती. मळवलीच्या पलीकडे लोहगडाच्या पायथ्याला तिचं सासर. भाताची थोडी खाचरं, घरात सासरा, नवरा गोविंदा आणि एक लहान मुलगी. चार पैसे यावेत म्हणून घरच्यांनी तिला बंगल्यावर ठेवलेलं. आठवड्याला एकदा ती घरी जायची, एरवी बंगल्यातच. धडा चालू असताना ती दाराशी शेंगा सोलत बसायची आणि माझ्याकडे कधी नीट बघायची नाही. मला ती गुरुजी म्हणायची.

पहिल्या वर्षी बाई माझं मराठी बोलल्या. पुढे हळूहळू माझं मराठी मागे पडलं आणि ठकूचं पुढे आलं. मी ‘मला आवडत नाही’ शिकवावं आणि बाईंनी ‘मला न्हाई आवडत’ म्हणावं. ‘पुष्कळ’चं ‘लय’ झालं, ‘इथे’चं ‘हितं’ झालं. मी चिडायचो. म्हणायचो, बाई, पैसे मला देता आणि शिकता तिच्याकडून. त्या ठकूकडे बघून हसायच्या आणि म्हणायच्या, ‘मुनशी, तुमी जाता. ठकू ऱ्हाती.’

ठकूतही फरक पडत होता, तो मला उशिरा दिसला. ती बाईंसारखी ताठ बसायला लागली, हात मांडीवर एकावर एक ठेवून. काही विचारलं की लगेच उत्तर द्यायची नाही, आधी दरीकडे बघायची. एकदा फाटकातून आत आलो तर ती गुणगुणण्याची चाल ऐकू आली. बाई असतील म्हणून मी नमस्काराला हात जोडले, तर ओट्यावर ठकू भांडी पुसत होती.

प्रत्येक धड्याच्या शेवटी एक ठरलेला प्रकार व्हायचा. मी ‘आजचा धडा पुरे’ म्हणालो की बाई म्हणायच्या, ‘ठकू, मुनशींना पानी आन.’ ठकू आतून ‘जी मेमसाब’ म्हणायची आणि काचेच्या सुरईतून पाणी आणायची. त्यात लिंबाची साल टाकलेली असे. आणि मी म्हणायचो, ‘नको, घरी जाऊन पितो.’ भिक्षुकाचा मुलगा साहेबाच्या बंगल्यातलं पाणी कसं पिणार? हे त्या दोघींनाही ठाऊक होतं. तरी बाई दरवेळी सांगायच्या, ठकू दरवेळी आणायची आणि मी दरवेळी नाही म्हणायचो. असं आठ-नऊ वर्षं चाललं. आम्ही तिघं ते आरतीसारखं पार पाडत होतो.

एका श्रावणात बाईंना ताप भरला. शेवटच्या धड्याला त्या शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. ठकू औषध आणायला लोणावळ्याला गेली होती. वाटेतच मला भेटली होती, डोक्यावर इरलं घेऊन उतारावरून जाताना. बंगल्यात आम्ही दोघंच होतो. बाईंनी विचारलं, ‘मुनशी, मेल्यावर मानूस कोनत्या भाषेत बोलतं?’ मी म्हणालो, ‘हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.’ त्या हसल्या, पण उत्तराची वाट बघत राहिल्या. मी छत्री उचलली आणि धडा पुरे म्हणालो. पाणी आणायला त्या दिवशी कुणी नव्हतं. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा बाईंना कबरस्तानात नेलेलं होतं आणि ठकू आपलं गाठोडं घेऊन सासरी गेली होती.

दिवाळीच्या थोडं आधी गोविंदा माझ्या दारात आला. ठकूचा नवरा म्हणून मी त्याला ओळखत होतो. साधा, कष्टाळू माणूस. तो टोपी काढून पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं की मेम ठकूला लागलीय. ठकू घरात ठकूसारखी राहत नाही. दुपार झाली की भाताच्या पोत्यावर ताठ बसते, भिंतीकडे बघते, मुलगी जवळ गेली तर तिला ओळखत नाही. सासऱ्यांनी भगत आणला. भगताने मिरच्यांची धुरी दिली, वेताने मारलं. मेम हलली नाही. आता आवसेच्या आत बाधा गेली नाही तर भगत तापल्या विळ्याचे डाग देणार होता, आणि तरीही नाही गेली तर भावकीचा निकाल ठरला होता. ठकूला माहेरी सोडायचं, मुलगी ठेवून घ्यायची, आणि गोविंदाने दुसरी करायची.

‘मला दुसरी नगं, गुरुजी,’ गोविंदा म्हणाला. ‘भगत म्हनतो, भुताला इच्यारल्याबिगर ते सांगत न्हाई, आन् ही गोरी. तिची भाषा भगताला येत न्हाई. तुमी याल का?’

बाधा, भूतखेत हे मी मानत नव्हतो. शिकलेल्या माणसाने मानायचं नसतं, असा माझा समज होता. पण डाग द्यायच्या आधी कुणीतरी मध्ये पडायला हवं होतं, आणि दुसरं कोण पडणार? मी त्याच्याबरोबर सकाळच्या गाडीने मळवलीला उतरलो.

पाऊस सरला होता. भात पिवळं झालेलं, वारा पडलेला.  लोहगड आणि विसापूरच्या मधून ऊन सरळ खाली उतरत होतं आणि गावात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. घरापाशी पोचलो तेव्हा बरोबर माध्यान्ह होती. ओटीवर पुरुषमंडळी बसलेली, मधोमध सासरे आबा, आणि त्यांच्या शेजारी भगत. भगत म्हणजे कुणीतरी अक्राळविक्राळ असेल असं मला वाटलं होतं. तो किडकिडीत म्हातारा होता, चष्मा लावलेला. त्याने मला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं की त्याने धनगराची, कोळ्याची, मुसलमानाची बाधा उतरवलीय, मुसलमानाच्या वेळी हिंदी येणारा माणूस आणला होता, पण गोऱ्याची ही पहिलीच. ‘तुमचा धंदा आन् माझा येकच, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘तुमी अंगात आनता, मी काडतो.’ मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

आत अंधार होता. एका झरोक्यातून पडलेल्या उन्हात पोतं, आणि पोत्यावर ठकू. मनगटांवर वेताचे वळ उमटलेले. पाठ ताठ, हात मांडीवर एकावर एक. ती झरोका नसलेल्या भिंतीकडे बघत होती, जशा बाई दरीकडे बघायच्या, आणि गुणगुणत होती. मी उंबऱ्यात पाय ठेवला. चाल अर्ध्यावर थांबली.

‘या, मुनशी,’ ती म्हणाली. ‘आज उशीर झाला.’

ठकूने मला जन्मात कधी मुनशी म्हटलं नव्हतं. आवाज ठकूचाच होता, पण वाक्याच्या शेवटी तो जसा वर उचलला जायचा तो बाईंचा. मागून आबा पुटपुटले, इंग्रजीत विचारा. भगतानेही खूण केली. सगळं गाव दाराशी जमलेलं. मी इंग्रजीत विचारलं, आपण कोण आहात?

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, शिष्याने आगळीक केल्यावर मी जसा बघायचो तशी. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘व्हरांड्यावर इंग्रजी बंद, मुनशी. तुमीच घातलेला नेम न्हवं?’

दाराशी कुजबुज झाली. गोऱ्या भुताला इंग्रजी लागतं असं धरून त्यांनी मला एवढ्या लांबून आणलं होतं आणि भूत त्यांच्याच भाषेत बोलत होतं. भगत पुढे सरकला, आता त्याला दुभाषी नको होता. त्याने राखेची चिमूट उचलून ठरलेला प्रश्न विचारला, काय पाहिजे तुला, कशासाठी धरलंस या झाडाला, या बाईला? बोल, देतो, आणि वाटेला लाग.

‘माजी ठकू कुटंय?’ ती म्हणाली. ‘मी सकाळधरनं हाक मारतीय. ओ देत न्हाई. ठकूला पाटवा.’

 गोविंदाने भिंतीला हात टेकला. ठकूच्या तोंडातून ठकूची चौकशी चालली होती, आणि ती चौकशी अगदी साधी, काळजीची होती. भगताचा चेहरा मात्र कठीण झाला. तो आबांना म्हणाला, ऐकलंत? हिला ठकूच पाहिजे, म्हणजे जीव पाहिजे. घेऊन जायला आलीय. आता आवसेपर्यंत थांबून चालायचं नाही, विळा चुलीत घाला. कुणीतरी चुलीकडे वळलं. गोविंदा मध्ये आडवा झाला तर त्याला दोघांनी धरलं. ओटीवरून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता.

ठकू या कशाकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्यावर होती. ‘मुनशी,’ ती हळूच म्हणाली, ‘त्या दिशी तुमी उत्तर न्हाई दिलं. मेल्यावर मानूस कोनत्या भाषेत बोलतं?’

त्या दिवशी बंगल्यात आम्ही दोघंच होतो, हे मी वर लिहिलंच आहे. नंतर शंभर वेळा मी हिशेब घातला. बाईंनी आजारपणात तिला सांगितलं असेल. सांगितलं असेलच. पण त्या पोत्यासमोर उभा असताना मला हे सुचलं नाही. मला एवढंच कळत होतं की चुलीत विळा तापतोय आणि माझ्या गाठीला एकच विद्या आहे. मंत्र मला येत नव्हता. मी जमिनीवर मांडी घातली, छत्री शेजारी ठेवली आणि धडा घेतला.

मी विचारलं, आज हवा कशी आहे? ती म्हणाली, ढग न्हाई, ऊन लय. मी विचारलं, घाटात गाडी गेली का? ती म्हणाली, शिटी ऐकली, गाडी न्हाई दिसली. असे रोजचेच प्रश्न, रोजचीच उत्तरं. दाराशी माणसं गोंधळून ऐकत होती. भगतसुद्धा थांबला. एका धंद्यातला माणूस दुसऱ्याचं काम चालू असताना जसा थांबतो, तसा.  शेवटी मी छत्री उचलली आणि नेहमीच्याच सुरात म्हणालो, ‘आजचा धडा पुरे.’

तिने मान हलवली. मग मान आतल्या अंधाराकडे वळवून, आवाज जरा चढवून ती म्हणाली, ‘ठकू, मुनशींना पानी आन.’

 मग त्याच तोंडातून, पण खालच्या पट्टीत, लगबगीने उत्तर आलं, ‘जी मेमसाब.’

ती उठली. पाठ वाकली, पदर डोक्यावर आला, पावलं फरपटत ती रांजणाकडे गेली. तांब्या भरल्याचा आवाज आला. ती परत आली आणि माझ्यासमोर खाली बघत उभी राहिली, बंगल्यात राहायची तशी.  सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. सवयीने ‘नको’ माझ्या ओठांवर आलंच होतं. मी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायलो.

‘गुरुजी,’ ठकू म्हणाली, ‘पानी पिलासा?’ आणि तिथेच खाली बसून हंबरडा फोडून रडायला लागली. गोविंदाने तिला धरलं. मुलगी ओटीवरून धावत आली आणि तिच्या मांडीत घुसली, आणि ठकूने तिला तिच्या नावाने हाक मारली.

त्या पाण्याला लिंबाच्या सालीची चव होती. मावळात लिंबं होत नाहीत अशातला भाग नाही. मी कुणाला विचारलं नाही, इतकंच.

भगताने मला ओटीवर नेऊन विचारलं, गेली का? दुभाष्याने जसंच्या तसं सांगावं असा आमच्या धंद्याचा नेम आहे. मी म्हणालो, ठाऊक नाही. तिला तिचं माणूस पाहिजे होतं, ते ओ देऊन समोर आलं. डाग द्याल तर ओ देणारी मरेल आणि हाक मारणारी तेवढी उरेल. पुन्हा आली तर बसू द्या, दोन शब्द बोला आणि धडा पुरे म्हणा. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. मग चुलीपाशी जाऊन विळा स्वतः बाहेर काढला आणि पाण्यात टाकला.

मेम पुढेही येत राहिली. वर्षातून चार-दोनदा, दुपारची. गोविंदा समोर बसायचा, भातापाण्याचं विचारायचा आणि शेवटी माझे तीन शब्द म्हणायचा. मी धडा संपवताना म्हणायचो ते वाक्य एका कुणब्याच्या घरात मंत्र होऊन बसलं. भगत वाटेने जात असला तर पोरांना दटावायचा, धडा चाललाय, कालवा करू नका. हळूहळू गावाला भीती राहिली नाही. बंगल्यावर कामाला जाणाऱ्या बायका आधी ठकूला भेटून जायच्या. साहेबाच्या घरात कुठे उभं राहायचं, कधी बोलायचं, हे ती सांगायची. त्यातलं काही ती सांगायची आणि काही मेम सांगायची, असं गोविंदा हसत हसत म्हणायचा. मला मात्र त्यात हसण्यासारखं कधी वाटलं नाही. त्या दोघी बंगल्यात एकमेकींपाशी इतकी वर्षं राहिल्या, की कुणाचं काय कुणाकडे राहिलं याची वाटणी झालीच नव्हती. बाई मेल्या तेव्हा त्यांच्यातली ठकूही कबरेत गेली असणार. तिच्यासाठी कुणी ओ दिली नाही.

परवा, म्हणजे साहेबलोक गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात, ठकूची मुलगी चंद्रा मला न्यायला आली. आता ती स्वतः लेकुरवाळी आहे. गोविंदा जाऊन बरीच वर्षं झालीत. तिने सांगितलं, आई हातरुणाला खिळलीय आणि सकाळपासून मेम आलीय. मी तुमचे तीन शब्द म्हणून बघितले, गुरुजी, पण ती उठत न्हाई. नुसती हाक मारत ऱ्हाती.

घर तेच होतं. झरोकाही तोच. ठकू वाळून मुठीएवढी झाली होती, पण हात एकावर एक ठेवलेले. मी खाली बसलो, गुडघ्यांनी बराच वेळ घेतला. ‘या, मुनशी,’ ती म्हणाली. आवाज जेमतेम येत होता. मी हवेचं विचारलं, गाडीचं विचारलं. तिने उत्तरं दिली. मग मी म्हणालो, आजचा धडा पुरे.

‘ठकू,’ ती म्हणाली, ‘मुनशींना पानी आन.’

आम्ही वाट बघितली. ओ आली नाही. ‘ठकू,’ ती पुन्हा म्हणाली, आणि तिची नजर त्या अंधारात ठकूला शोधत फिरायला लागली. चंद्राने तोंडात पदर कोंबला. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा हाकेत नुसती भीती उरली होती. कुणीतरी ओ द्यायला हवी होती, आणि त्या व्हरांड्यावरचा मीच काय तो शिल्लक होतो.

‘जी मेमसाब,’ मी म्हणालो आणि उठलो. रांजणापाशी जाऊन तांब्या भरला, तिच्या उशाशी बसलो आणि तिची मान हातावर घेऊन पाणी तिच्या तोंडात घातलं. पहिला घोट गेला. दुसऱ्या घोटाला तिने डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं, जसं तिने बंगल्यात कधी बघितलं नव्हतं.

‘गुरुजी,’ ठकू म्हणाली, ‘तुमी कशाला उठला? म्या आनलं असतं.’

तिसरा घोट तिच्या ओठांवरून खाली ओघळला.